शेपटीचा तुकडा काय खातो? प्लॅनेरिया प्रकल्पाच्या नोंदी

२० ऑक्टोबर २०२४, रविवार

आज प्लॅनेरिया मिळाले, गोड्या पाण्यात मोकळे राहणारे चपटे कृमी. एकूण सतरा.

गेल्या रविवारी बावधनजवळ रामनदीत दोन तास घालवून हाती काही लागलं नव्हतं. पाण्याला वास होता, गाळात नुसत्या लाल अळ्या. चपट्या कृमींपैकी जे मोकळे जगतात, त्यांना स्वच्छ, थंड, सावलीतलं पाणी लागतं हे वर्गात मी दरवर्षी सांगते, तरी जवळ म्हणून आधी तिथेच गेले. आज सकाळी सातला भाचीला स्कूटरवर मागे बसवून सरळ डोणजे गाठलं. सिंहगडाच्या पायथ्याशी पाऊस संपल्यावरही काही ओढे घोट्याएवढे वाहत असतात. दिवाळीनंतर तेही आटत जातात, म्हणून हीच वेळ.

पद्धत सोपी आहे. कोंबडीच्या कलेजीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे जुन्या ओढणीच्या विरविरीत कापडात बांधले आणि दोऱ्याने ओढ्यातल्या दगडांच्या खाली, सावलीच्या बाजूला अडकवले. पाऊण तास काठावर बसून पोहे खाल्ले. पुरचुंडी वर काढली तर कापडाला तपकिरी, चपटे, सेंटिमीटरभर लांबीचे नऊ जीव चिकटलेले. बाकीचे आठ जण दगड उलथल्यावर त्यांच्या खालच्या बाजूला सापडले. उलथलेला प्रत्येक दगड परत होता तसाच ठेवायचा, हे भाचीला पहिल्या दगडालाच सांगितलं. त्या दगडाखाली आणखी वीस जणांचं घर असतं.

जळू आणि प्लॅनेरिया यांत तिचा दोनदा गोंधळ झाला. जळू दोन्ही टोकांच्या चूषकांनी कमान करत चालते, लांब होते, आखडते. प्लॅनेरिया चालतच नाही, सरकतो. अंगाखाली सूक्ष्म केसांचा थर असतो, स्वतः सोडलेल्या चिकट पदार्थावरून तो केसांच्या हालचालीवर घसरत जातो. वरून पाहिलं तर तेलाचा थेंब काचेवरून ओघळावा तसं, अंगाला कुठे वळणही पडत नाही.

ओढ्याचंच पाणी पाच लिटरच्या कॅनमध्ये घेतलं. सतराही जण श्रीखंडाच्या डब्यात, डबा ओल्या टॉवेलात. घरी येईपर्यंत सगळे डब्याच्या कडेच्या सावलीत जाऊन बसले होते.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

सहा गेले. लिहिताना वाईट वाटतंय, पण नोंद म्हणजे नोंद.

मी कॉलेजला गेले होते. डब्यातलं पाणी आईला कमी वाटलं म्हणून तिने मायेने वर घातलं, आणि घातलं ते तांब्याच्या पिंपातलं, रात्रभर ठेवलेलं. संध्याकाळी पाहिलं तर काही गोळा होऊन पडलेले, दोघांचं डोक्याकडचं टोक विरघळल्यासारखं झालेलं, तळाशी पांढरट चिकटा. तांब्याचा अंश माणसाला चालतो, या जिवांना नाही. त्यांना कवच नाही, जाड कातडी नाही, पाण्यात जे असेल ते थेट अंगात. मत्स्यालयवाले नको असलेले कृमी मारायला तांब्याचेच क्षार वापरतात.

आई म्हणाली, “अगं, मला वाटलं तांब्यातलं पाणी चांगलं असतं.”

“माणसांना, आई. यांना नाही.”

“मग मला आधी सांगायचंस ना. आता यांचं पाणी मीच बघणार.”

उरलेल्या अकरांना लगेच ओढ्याच्या पाण्यात हलवलं. पुढची सोय अशी ठरली: नळाचं पाणी पसरट काचेच्या भांड्यात चोवीस तास उघडं ठेवायचं, म्हणजे क्लोरीन उडून जातो. मग त्यात निम्मं ओढ्याचं पाणी मिसळायचं. भांडं काचेचं किंवा प्लॅस्टिकचं, धातूचं अजिबात नाही. आईने ओट्याच्या कोपऱ्यात एक बरणी वेगळी काढून तिच्यावर खडूने ‘किडे’ असं लिहिलं.

२६ ऑक्टोबर, शनिवार

भाची सुट्टीला राहायला आली. पिशवीतून पहिल्यांदा भिंग काढलं, मग कपडे.

आज जेवण. कलेजीचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा डब्यात टाकला आणि खोलीत अंधार करून टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावला. लख्ख उजेड पडला की हे पळतात. डोक्यावर दोन डोळे आहेत, काळ्या रंगद्रव्याच्या दोन वाट्या. त्यांतून चित्र दिसत नाही, उजेड कुठून येतोय एवढं कळतं. डोळ्यांच्या बाहेरच्या बाजूला पांढरं राहत असल्यामुळे ते तिरळ्यासारखे वाटतात. डोकं त्रिकोणी, दोन्ही बाजूंना कानासारखे कोपरे. ते कान मात्र नाहीत, वास आणि चव घेण्याचं काम त्यांचं.

मिनिटभरात एकाने डोकं उचलून डावी-उजवीकडे वळवलं आणि थेट कलेजीकडे निघाला. तुकड्यावर चढला. डोकं पुढे निघून गेलं, तुकडा पोटाखाली आला, आणि तिथून, शरीराच्या बरोबर मधून, दुधी रंगाची नळी बाहेर आली.

“मावशी, हिनं पोटातून स्ट्रॉ काढला!”

हीच ग्रसनी. तोंड डोक्यावर नाही, पोटाच्या खालच्या बाजूला मध्यावर आहे. एरवी नळी आत घडी करून ठेवलेली असते. तिचं टोक कलेजीवर चाचपडत फिरलं, एका ठिकाणी रुतलं आणि नळीतून लाटा वर जायला लागल्या. पाचेक मिनिटांत शरीराच्या आत एक तपकिरी नक्षी उमटली: एक फांदी डोक्याकडे, दोन शेपटीकडे, आणि प्रत्येकीला बारीक बारीक उपफांद्या. ते त्याचं आतडं. दुसरं टोक नाही, गुदद्वार नाही, पचून उरलेलं त्याच तोंडातून बाहेर. म्हणून जेवणानंतर दोन-तीन तासांनी पाणी बदलायलाच हवं, नाहीतर ते सडतं.

भिंगातून पाहता पाहता भाचीने विचारलं, याचं रक्त कुठंय. रक्त नाही. हृदय नाही, फुप्फुस नाही, कल्ले नाहीत. प्राणवायू त्वचेतून झिरपत आत जातो, आणि असा झिरपून तो फार खोल पोचत नाही. शरीर जाड झालं असतं तर आतल्या पेशी गुदमरल्या असत्या. चपटेपणा आला तो यातून. अन्नही तसंच: वाहून नेणारं कुणी नाही म्हणून आतड्यालाच फांद्या फोडून सगळीकडे जावं लागतं. पाणी आणि टाकाऊ पदार्थ बाहेर काढायला ज्योतपेशी, त्यांच्यातल्या केसांचा झुबका मेणबत्तीच्या ज्योतीसारखा फडफडत असतो म्हणून हे नाव. त्या आमच्या भिंगातून दिसत नाहीत.

मग तिने तो प्रश्न विचारला ज्यामुळे हा प्रकल्प बदलला. दहावीच्या पुस्तकात पुनर्जननाखाली प्लॅनेरियाचं चित्र आहे, तुकड्यांपासून पुन्हा पूर्ण प्राणी तयार होतो ते. आपणही तेच करून दाखवायचं असं आमचं ठरलं होतं. ती म्हणाली, “पण मावशी, तोंड मधल्या तुकड्यात राहणार. मग शेपटीचा तुकडा खाणार कशानं? आणि खाल्लं नाही तर एवढं डोकं बनवणार कशातून?”

मी वीस वर्षं हे चित्र फळ्यावर काढतेय. एकाही मुलाने हे विचारलेलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. प्रकल्पाचं शीर्षक बदललं.

आजपासून उपास. कापण्याआधी आठवडाभर पोट रिकामं हवं, नाहीतर जखमेतून आतड्यातलं बाहेर येऊन तुकडा सडतो.

२९ ऑक्टोबर, मंगळवार, धनत्रयोदशी

आई पणत्यांसाठी तुळशीची कुंडी हलवत होती. कुंडीखालच्या ओलीत वीतभर लांब, दोऱ्यासारखा, पाठीवर गडद रेघा असलेला प्राणी. डोकं पंख्यासारखं पसरट. जमिनीवर राहणारा चपटा कृमी, बायपॅलियम वंशाचा. पावसाळ्यात आणि त्यानंतर पुण्यातल्या बऱ्याच कुंड्यांखाली असे निघतात आणि लोक सापाचं पिल्लू समजून घाबरतात.

या वंशातली सगळ्यात पसरलेली जात १८७८ साली लंडनच्या क्यू उद्यानातल्या काचघरात सापडली आणि तिला नाव पडलं बायपॅलियम केवेन्स. मूळची ती आग्नेय आशियातली. झाडांच्या मुळांबरोबर, कुंडीतल्या मातीबरोबर जगभर गेली. खाद्य गांडुळं. २०१४ साली तिच्या अंगात टेट्रोडोटॉक्सिन असल्याचं दाखवलं गेलं, फुगा माशात असतं तेच विष. म्हणून हात लावू दिला नाही, चमच्याने उचलून बरणीत ओल्या मातीवर ठेवला.

शेजारच्या काकू म्हणाल्या, “आम्ही कुदळीने तोडून टाकतो हो.” त्यांना सांगितलं की तोडून उपयोग नाही, तुकड्यांचे पुन्हा कृमी होतात. आमच्या गांडूळखताच्या डब्यापासून मात्र त्याला लांबच ठेवायचं ठरलं.

२ नोव्हेंबर, शनिवार, पाडवा

कापले.

तापमानाची तयारी आधी. दुपारी घरात २८ अंश होतात, तुकड्यांना वीस-बावीसच्या आसपास हवं. फ्रिज फार थंड पडतो, वाढ थांबेल. आईने मातीची जुनी परात काढली, तिच्यात ओली वाळू पसरली, वर प्लॅस्टिकचा बर्फाचा ट्रे, आणि ट्रेवर हवा जाईल असं ओलं मलमल. माठाचंच तत्त्व. थर्मामीटरने तीन दिवस बघितलं, दुपारीही २३ च्या वर जात नाही.

ट्रेला बारा खण. चार कृमी, प्रत्येकाचे तीन तुकडे. कृमींना अ, ब, क, ड अशी अक्षरं, आणि खणांच्या कडेला पट्ट्या: डोकं, मधला, शेपटी. उरलेले सात कापायचे नाहीत, ते तुलनेसाठी उपाशीच राहतील.

बर्फाच्या लादीवर प्लॅस्टिक, त्यावर ओला टिपकागद. थंडीने कृमी मंदावतो आणि लांब पसरून राहतो. नवं पातं, एकच सरळ दाब, ओढायचं नाही. पहिला छेद डोक्याच्या मागे, ग्रसनीच्या पुढे. दुसरा ग्रसनीच्या मागे. म्हणजे शेपटीच्या तुकड्यात डोळे नाहीत, मेंदू नाही, तोंड नाही. भाचीने पहिला छेद बघितला, दुसऱ्याला तोंड फिरवलं, तिसऱ्यापासून ती पेन्सिल घेऊन वेळ लिहायला लागली. त्यांना दुखतं का असं विचारलं नाही तिने, पण तिच्या चेहऱ्यावर ते होतं. मी सांगितलं की यांची शेपटी हे स्वतःही तोडतात. शेपटी दगडाला घट्ट चिकटवायची आणि पुढच्या भागाने ओढत राहायचं, ताणून मधून तुटेपर्यंत. मग दोन्हीकडे जे नाही ते उगवतं. ओढ्यातल्या आमच्या कृमींची संख्या बहुधा अशीच वाढते. हे उभयलिंगी असतात आणि काही लैंगिक पद्धतीनेही वाढतात, अंडी कोषात घालतात, पण आमच्या एकाच्याही पोटाखाली जननछिद्र दिसलं नाही. त्यामुळेच जातीचं नावही लिहीत नाही. आमचे प्लॅनेरिया ड्युगेसिया वंशातले, आणि त्याच्या जाती ओळखायला प्रजनन अवयवांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली लावावे लागतात, रंग-आकारावरून ठरवता येत नाही. वहीत फक्त ‘ड्युगेसिया’.

पहिली मापं. आलेखाच्या कागदावर काचेचं झाकण, त्यात तुकडा, सरकताना पूर्ण पसरला की मोजायचा. शेपटीचे चारही तुकडे सरासरी ४ मिलिमीटर लांब, दीड मिलिमीटर रुंद.

शेपट्यासुद्धा सरकतात! डोकं नसताना. वेग कमी, दिशा नाही, पण सरकतात.

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

घरात पाहुणे. सकाळ-संध्याकाळ फक्त पाहिलं. जखमा बंद, कडा आत ओढल्यासारख्या. छेदाच्या जवळचे स्नायू आखडतात आणि तासाभराच्या आत वरची त्वचा जखमेवर पसरते. पाणी आईने बदललं.

५ नोव्हेंबर, मंगळवार

तिसरा दिवस. शेपट्यांच्या पुढच्या कडेला पांढरी किनार. काल ‘आहे की नाही’ अशी शंका होती, आज चारही तुकड्यांवर स्पष्ट. बाकी अंग तपकिरी, ही किनार रंगहीन, साबुदाण्यासारखी अर्धपारदर्शक. ब्लास्टेमा. नव्या पेशी, ज्यांच्यात रंग अजून भरलेला नाही.

यातल्या पेशी येतात कुठून, हे आज रात्री भाचीला नीट समजावलं. आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशी आपापल्या कामाला जुंपलेल्या असतात, स्नायूची पेशी उद्या चेतापेशी होत नाही. प्लॅनेरियाच्या अंगात मात्र ठिकठिकाणी लहान, गोल मूलपेशी विखुरलेल्या असतात, त्यांना निओब्लास्ट म्हणतात. एकूण पेशींच्या पाचव्या हिश्शाहून जास्त. विभागणारी पेशी म्हणजे हीच, दुसरी कुठलीही विभागत नाही. कृमीवर क्ष-किरणांचा मोठा मारा केला की निओब्लास्ट मरतात, मग तुकड्याला नवा भाग फुटत नाही, काही आठवड्यांत कृमीही मरतो. २०११ साली अमेरिकेतल्या एका गटाने अशा मरणाऱ्या कृमीत दुसऱ्याची एकच, एकच निओब्लास्ट सोडली. तिच्यापासून हळूहळू सगळ्या प्रकारच्या पेशी तयार झाल्या आणि कृमी जगला.

भाची बराच वेळ गप्प होती. मग, “पण त्या पेशीला कसं कळतं की इथे डोकं करायचंय आणि तिथे शेपूट?”

हा दुसरा चांगला प्रश्न. स्नायूंच्या पेशी पत्ता सांगतात. शरीरभर त्या काही प्रथिनांच्या कमी-अधिक खुणा ठेवतात, शेपटीकडे एक जास्त, डोक्याकडे दुसरं. बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन ‘इथे शेपूट’ असं सांगणाऱ्या साखळीत आहे. २००८ साली ते बंद करून पाहिलं तेव्हा शेपटीच्या जागी डोकं उगवलं. दोन्ही टोकांना डोकी.

७ नोव्हेंबर, गुरुवार

डोळे आले.

सकाळी सहा वाजता आई उठवायला आली. “उठ गं, त्या ‘ब’च्या शेपटीला काहीतरी दिसतंय, मला ठिपके वाटतायत.” पांढऱ्या किनारीत दोन तपकिरी कण, खसखशीपेक्षा बारीक, बरोबर सारख्या अंतरावर. दुपारपर्यंत अ आणि ड लाही. क ला संध्याकाळपर्यंत नाही.

टॉर्च मारून बघितला. ‘ब’ने दोन सेकंद काही केलं नाही, मग वळला आणि सावलीकडे निघाला. पाच दिवसांपूर्वी हा नुसता शेपटीचा तुकडा होता.

भाची शाळेच्या वहीत हे चित्र काढत बसली, खोडून पुन्हा, खोडून पुन्हा, डोळ्यांतलं अंतर नीट येईपर्यंत. मी तिला घाई केली नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

‘क’चा मधला तुकडा गेला. कडा धुरकट, कापसासारखी बुरशी. लगेच काढला, खण उकळत्या पाण्याने धुतला. बाकी अकरा ठीक. ‘क’च्या शेपटीला काल डोळे आले.

भाची उद्या चिंचवडला परत. शाळा सुरू होतेय. जाण्याआधी सातव्या दिवसाची मापं तिच्या हाताने: शेपट्यांची लांबी तेवढीच, ४ च्या आसपास. रुंदी सव्वा. तिने दोनदा मोजली. “मावशी, डोकं वाढलं तर लांबी वाढायला हवी ना? मग ही बारीक का होतायत?”

उत्तर तिने स्वतःच दिल्यासारखं आहे. मी फक्त ‘आणखी एक आठवडा मोज’ म्हटलं.

११ नोव्हेंबर, सोमवार

पाणी बदलताना आईने विचारलं, “हे चुकून पोटात गेले तर?”

हे गेले तर काही नाही, पचतील. पण प्रश्न रास्त आहे, कारण यांची भावंडं पोटातच राहतात. चपट्या कृमींच्या संघात मोकळे राहणारे थोडे, परजीवी जास्त. गाई-म्हशींच्या यकृतातला पर्णकृमी, फॅसिओला, पाण्यातल्या गोगलगायीत वाढतो, मग पाणवनस्पतींवर चिकटून चरणाऱ्या जनावराच्या पोटात जातो. पट्टकृमीला तर आतडंच नाही. यजमानाच्या आतड्यात पचलेलं अन्न तो अंगभर त्वचेतून शोषतो. प्लॅनेरियाने चपटं होऊन जे साधलं तेच यानेही साधलंय, फक्त दुसऱ्याच्या घरात बसून. डुकराच्या मांसातल्या पट्टकृमीची अंडी न धुतलेल्या भाजीतून पोटात गेली तर अळ्या मेंदूपर्यंत पोचतात आणि फिट्स येतात. आपल्याकडे मोठ्या वयात अचानक आलेल्या फिट्समागे हे एक नेहमीचं कारण असतं.

आईचं माहेर रत्नागिरीकडचं, म्हणून तिला गिमवीची गोष्ट सांगितली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या या गावात लोकांना लघवीतून रक्त जायचं. १९५२ साली गाडगीळ आणि शाह यांनी दाखवलं की हा शिस्टोसोमा, रक्तात राहणारा पर्णकृमी. हा आजार आफ्रिकेत आणि पश्चिम आशियात सर्रास, भारतात मात्र त्याचं मान्य झालेलं ठिकाण हे एवढंच. तिथेही मधला मुक्काम गोगलगायीतच. पाण्यात पोहणारी अळी माणसाच्या कातडीतून थेट आत शिरते.

आईने पालेभाजीची जुडी पुन्हा एकदा धुवायला घेतली.

१३ नोव्हेंबर, बुधवार

नवीन डोक्यांत रंग भरला. आता जोड शोधावा लागतो. डोक्याच्या तुकड्यांची गंमत उलटी: त्यांचं डोकं आधी अंगाच्या मानाने मोठं होतं, आता शेपूट लांबतेय आणि डोकं लहान होतंय. डोळ्यांमधलं अंतरही कमी झालंय. शेपट्यांच्या पोटाखाली मध्यावर फिकट लांबट डाग दिसतो. ग्रसनी असावी.

तुलनेसाठी ठेवलेले न कापलेले सातही जण अठरा दिवसांच्या उपासाने लहान झालेत. उपाशी प्लॅनेरिया वाळत नाही. पेशींची संख्या कमी करत करत प्रमाणशीर लहान होतो, खायला मिळालं की परत वाढतो. महिनोन्महिने असं जगू शकतो.

१८१४ साली डॅलियेल या स्कॉटिश निसर्गनिरीक्षकाने लिहून ठेवलंय की सुरीच्या धारेखाली या जिवांना जवळजवळ अमर म्हणावं. १८९८ साली मॉर्गनने, हो, फळमाशीवरच्या कामासाठी १९३३ साली नोबेल मिळालेल्याच मॉर्गनने, किती लहान तुकड्यातून पूर्ण कृमी होतो हे शोधलं. त्याच्या नावावर २७९ वा हिस्सा हा आकडा सांगितला जातो. तेव्हाच त्याने हेही ओळखलं की तुकडा फक्त नवीन भाग चिकटवत नाही, जुन्या अंगाचीही नव्याने मांडणी करतो. आमची आलेखाच्या कागदावरची मापं हेच दाखवतायत.

आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर बरीच वर्षं काम झालंय, पुण्यात मिळालेल्या हायड्राचा एक प्रकार जगभरच्या शोधनिबंधांत ‘इंड-पुणे’ या नावाने ओळखला जातो. हायड्राही तुकड्यातून उभा राहतो, पण तो दोन थरांची पिशवी. मेंदू, डोळे, फांद्यांचं आतडं असलेला प्राणी हे करतो याचं मला दर वेळी नव्याने आश्चर्य वाटतं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

भाची दुपारच्या लोकलने आली. चौदावा दिवस.

मापं: शेपट्या, सरासरी लांबी ४, रुंदी १ मिलिमीटर. तिने वहीत गुणाकार मांडला. दोन तारखेला ढोबळ ६ चौरस मिलिमीटर, आज ४. डोकं, डोळे, मेंदू, तोंड, ग्रसनी सगळं नवीन, आणि अंग एक तृतीयांश कमी. तिने खाली लिहिलं: ‘शेपटीने बाहेरून काही खाल्लं नाही. तिने स्वतःचं अंग खर्च केलं.’ मी त्यात एवढंच जोडायला सांगितलं की जुन्या पेशी काही ठिकाणी मरतात, साठवलेलं अन्न वापरलं जातं, त्यातून निओब्लास्ट विभागत राहतात. वाक्य तिचंच ठेवलं.

संध्याकाळी सात वाजता दिवे बंद, लाल टॉर्च. ‘ब’ची शेपटी, म्हणजे आता अख्खा कृमी, काचेच्या झाकणात. कलेजीचा मोहरीएवढा तुकडा. आईसुद्धा खुर्ची ओढून बसली.

पहिली चार मिनिटं तो कडेने फिरला. पाचव्या मिनिटाला थांबला, कानांचे कोपरे उचलले, वळला. तुकड्यावर चढला, पुढे निसटला, परत आला. मग थांबला. पोटाखालून नळी बाहेर आली, मोठ्यांच्या नळीपेक्षा फारच बारीक, काचेच्या तंतूसारखी. तीन वेळा चुकीच्या जागी टेकली. चौथ्यांदा रुतली.

कुणी काही बोलत नव्हतं. डोक्याकडच्या फांदीत आधी तपकिरी रंग चढला, मग मागच्या दोन्हींमध्ये.

“जेवली का शेपटी?” आईने हळूच विचारलं.

“जेवली, आजी.”

सव्वातीन मिनिटं. भाचीने वेळ लिहिली. नऊ वाजता आईने ‘किडे’ लिहिलेल्या बरणीतून पाणी बदललं.